गावातल्या गायक-कीबोर्डवादकाचा सांगीतिक प्रवास कसा लिहून ठेवावा

नाशिकमध्ये एखाद्या ज्येष्ठ गायक-वादकाची पंचाहत्तरी करायचे ठरले, की समारंभाला आठ-दहा दिवस उरलेले असताना स्मरणिकेतल्या लेखाची आठवण होते. मग कुणीतरी घाईघाईने कलाकाराच्या घरी जाऊन सत्काराची छायाचित्रे गोळा करते, पुरस्कारांची यादी उतरवून घेते आणि 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व' या शब्दांनी सुरू होणारा मजकूर छापखान्यात देऊन मोकळे होते. असा एक लेख मीही लिहिला होता. तो वाचून झाल्यावर त्या काकांच्या पत्नीने एवढेच विचारले, "सगळं आलंय हो, पण हे कुठल्या पट्टीत गातात ते कुठं लिहिलंय?" पट्टी म्हणजे गाणारा ज्या स्वराला 'सा' मानून गातो ती जागा. घरात इतकी वर्षे रोज कानावर पडलेली ही गोष्ट नेमकी लेखातून निसटली होती. त्यानंतर मी अशा लेखनाची पद्धत बदलली, आणि जो कलाकार स्वतः गातो व स्वतःच कीबोर्ड वाजवतो त्याच्याबाबतीत ती विशेष उपयोगी पडते असे अनुभवास आले. या पद्धतीत प्रशस्तिपत्रे सर्वांत शेवटी पाहायची असतात. आधी वाद्य, मग वह्या, मग कॅसेटी, हा क्रम शक्यतो मोडू नये.

पहिली बैठक दिवाणखान्यातल्या सोफ्यावर घेऊ नये. कीबोर्ड जिथे मांडलेला असेल त्या खोलीत, तो चालू करून, कलाकाराला त्याच्यासमोर बसवूनच बोलणे सुरू करावे. समोर पट्ट्या असल्या की उत्तरे हातांतून येऊ लागतात, आणि शब्दांत "लहानपणापासून आवड होती" एवढेच सांगणारा माणूस वाजवताना पंधरा गोष्टी सांगून जातो. ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल पुरेसा असतो. मात्र तो स्पीकरच्या अगदी पुढे ठेवू नये, कारण वाद्याच्या आवाजाखाली बोलणे दबून जाते.

या बैठकीत सर्वाधिक लक्ष डाव्या हाताकडे द्यावे. आपल्याकडचे बहुतेक जुने कीबोर्डवादक मुळात पेटीवाले असतात आणि हातपेटी वाजवताना डावा हात भात्यावर असतो. त्यामुळे पेटीवरून कीबोर्डवर आलेल्या माणसाचा उजवा हात कितीही तयार असला, तरी डाव्या हाताला काम काय द्यायचे हा प्रश्न त्याला कधीतरी सोडवावा लागलेला असतो. कुणी त्या हाताने नुसता षड्ज-पंचम (सा-प) धरून ठेवतो, कुणी वाद्यातल्या तयार तालाला डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, देतो, तर कुणाचा डावा हात अजूनही सवयीने वाद्याच्या कडेला टेकलेला दिसतो. याउलट ज्याने संगीत नाटकांच्या साथीत पायपेटी वाजवली आहे, त्याचे दोन्ही हात आधीपासून मोकळे होते. शरणपूरसारख्या भागात चर्चच्या गायनवृंदात शिकलेला कलाकार असेल, तर डाव्या हाताची कॉर्ड सहज, न बघता पडते आणि बहुधा त्याला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीही वाचता येते. म्हणून "आपण कुणाकडे शिकलात?" हा प्रश्न विचारण्याआधी पाच मिनिटे हात पाहावेत आणि मग "डावा हात कधी बसला?" असे विचारावे. एका काकांनी या प्रश्नावर सलग पाऊण तास सांगितले. रात्रपाळीहून आल्यावर मुलांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद ठेवून, पाटावर कागदी पट्ट्या चिकटवून त्यांनी डावा हात बसवला होता. ही माहिती त्यांच्या कुठल्याही सन्मानपत्रात नव्हती.

दुसरी गोष्ट ट्रान्सपोजच्या बटणाची. आज हे बटण दाबले की गाणे हव्या त्या पट्टीत जाते आणि बोटे मात्र नेहमीच्याच जागी फिरतात. साध्या पेटीवर ही सोय नव्हती. पट्टी बदलता येणारी स्केलचेंजर पेटी महाग, म्हणून ती ज्याच्या घरी होती त्याची गोष्ट निराळी. बाकीच्यांना गायिका काळी चारमध्ये गाणार म्हटल्यावर काळी चारचा षड्ज धरूनच बोटे बसवावी लागत. त्यामुळे ट्रान्सपोज न वापरता एकच मुखडा पांढरी एक, काळी एक आणि काळी चार अशा तीन पट्ट्यांत वाजवून दाखवण्याची विनंती करावी. परीक्षा घेण्याचा सूर मात्र लागू देऊ नये. बोटे कुठे अडखळतात आणि कुठे आपोआप वळतात यावरून त्या माणसाने आयुष्यात कुणाकुणाला साथ केली आहे हे बरेचसे कळते. (वाचकाला पट्ट्यांची नावे ठाऊक नसतील तर लेखात एकदा सांगून टाकावीत: सप्तकातल्या सात पांढऱ्या पट्ट्या पांढरी एक ते सात, पाच काळ्या पट्ट्या काळी एक ते पाच. काळी एक म्हणजे सी शार्प आणि काळी चार म्हणजे जी शार्प.)

गाणारा माणूस कीबोर्ड वाजवू लागला की स्वराचाही एक पेच उभा राहतो, तो जरूर विचारून घ्यावा. कीबोर्डचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असतात, तर तानपुऱ्यासोबत गाणाऱ्याचा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. ज्याचा कान तयार आहे त्याला हे टोचते. मग तो काय करतो? काही जण आलाप घेताना उजवा हात उचलून केवळ षड्ज-पंचम चालू ठेवतात, काही जण पिचबेंडच्या, म्हणजे स्वर वरखाली सरकवणाऱ्या, चाकाने मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) काढून पेटीला न जमणारी गोष्ट कीबोर्डकडून करून घेतात. पेटीचे स्वरही असेच पक्के बांधलेले असतात, आणि याच आक्षेपापोटी आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियम बंद केली होती आणि ती बंदी १९७१ मध्ये शिथिल झाली. आज ऐंशीच्या पुढे असलेल्या कलाकाराने तरुणपणी आकाशवाणीचा उंबरा चढला असेल, तर त्या वेळी पेटीविना गाणे त्याला कसे गेले, हे विचारण्याची संधी दवडू नये. त्याला मिळालेली श्रेणी, म्हणजे 'बी', 'बी हाय', 'ए' किंवा 'टॉप' यांपैकी जी असेल ती, आणि तिच्या पत्रावरची तारीख तेवढ्यात उतरवून घ्यावी.

सालांचा माग

साल विचारले की ज्येष्ठ माणसे गोंधळतात आणि मग लाजेखातर काहीतरी ठोकून देतात. त्यापेक्षा नाशिककराला सिंहस्थ विचारावा. "हा कार्यक्रम सिंहस्थाच्या आधीचा की नंतरचा?" याचे उत्तर बहुधा तत्काळ मिळते, आणि १९९१-९२, २००३-०४, २०१५-१६ असे ठळक खांब हाती लागतात. त्याहून मागे जायचे तर १९६९ चा महापूर आहे. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी आले होते हे ज्याला आठवते, त्याला त्या वर्षी आपण कोणत्या भजनी मंडळात होतो हेही आठवते. २००८ आणि २०१९ च्या पुरांचा उपयोग आणखी एका कारणासाठी होतो: गोदाकाठच्या जुन्या वाड्यांतली घरे असतील तर कागदपत्रे कधी भिजली आणि काय काय गेले, हे त्यावरून कळते.

वाद्य हेच दुसरे घड्याळ. कॅसिओने आपला पहिला कॅसिओटोन कीबोर्ड १९८० मध्ये आणला. त्यामुळे "मी १९७५ साली कॅसिओवर वाजवत होतो" असे कुणी सांगितले, तर त्याला खोटे न पाडता वाद्याचे वर्णन विचारावे, कारण पुष्कळदा ते छोटे इलेक्ट्रिक ऑर्गन किंवा कुणाचे तरी अकॉर्डियन निघते. वाद्ये एकमेकांना जोडणारी मिडीची पद्धत १९८३ ची आहे. त्यापुढे फ्लॉपी घेणारा कीबोर्ड, मग पेन ड्राइव्ह घेणारा, आणि शेवटी टॅब्लेटवर गाण्याचे शब्द मांडून समोर ठेवलेला, असा क्रम बहुतेक घरांत सापडतो. कोणता कीबोर्ड कोणता दागिना मोडून, कोणाकडून हातउसने घेऊन किंवा कोणत्या सोसायटीच्या कर्जातून आणला, हे विचारावे आणि हा प्रश्न काकूंना विचारावा. त्यांना रक्कमसुद्धा आठवते.

परीक्षांच्या प्रमाणपत्रांची (प्रशस्तिपत्रांची नव्हे) पाळी इथे येते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद या परीक्षांच्या कागदांवर विषय आणि साल असते. विषय मुद्दाम पाहावा, कारण गायक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने परीक्षा हार्मोनियमची दिलेली असते किंवा मध्यमा पूर्णपर्यंत जाऊन नोकरी लागल्यामुळे विशारद राहून गेलेले असते. राहून गेलेल्या परीक्षेविषयी विचारायला संकोचू नये. ज्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये हे मंडळ स्थापन केले त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचा रामनाम आधार आश्रम आपल्या पंचवटीतच होता, हे लेखात एका वाक्यात आणायला हरकत नाही. मात्र प्रत्येक नाशिककर गायकाचे नाते ओढूनताणून तिथपर्यंत नेण्याची जी हौस स्मरणिकांत दिसते, ती टाळावी.

वह्या

गाणाऱ्याची वही हा या साऱ्या कामातला सर्वांत मोलाचा ऐवज असतो आणि घरात तिलाच सर्वांत कमी किंमत असते. वही मागताना "गाण्यांच्या जुन्या वह्या, फाटक्या असल्या तरी चालतील" असे स्पष्ट म्हणावे, नाहीतर सुवाच्य अक्षरात नव्याने उतरवलेली वही पुढे येते आणि तिच्यात काहीच नसते. जुन्या वहीत गाण्याच्या वर उजव्या कोपऱ्यात 'का. १' किंवा 'पां. ४' असे लिहिलेले आढळते, ती पट्टी. समासात म्युझिकच्या पीसचे स्वर, कुठे ढोलक थांबवायची त्याची खूण, एखाद्या साथीदाराचे आद्याक्षर, क्वचित चहाचा हिशेब. मी पाहिलेल्या एका वहीत एकाच भक्तिगीतावर तीन वेगवेगळ्या शाईंनी तीन पट्ट्या लिहिल्या होत्या: आधी काळी दोन, ती खोडून पांढरी दोन, तीही खोडून पांढरी एक. काका हसून म्हणाले, "गाणं तेच आहे, मीच खाली उतरत आलोय."

पट्टीची ही उतरंड लेखात जरूर यावी. त्यासाठी दहा-बारा गाणी निवडावीत, प्रत्येक गाण्याची वहीतली जुनी पट्टी आणि आजची पट्टी शेजारी शेजारी लिहावी आणि बदल साधारण कोणत्या काळात झाला ते विचारावे. वयाबरोबर आवाज खाली येणे स्वाभाविक आहे; पण एखाद्याच गाण्याची पट्टी तशीच राहिलेली असेल तर तिच्यामागे हट्ट, जिद्द किंवा एखादी आठवण असते. आजारपण, दातांची कवळी, तंबाखू सोडणे किंवा न सोडणे, अशा गोष्टीही इथूनच निघतात. त्या छापायच्या की नाही हे कलाकाराला विचारून ठरवावे.

वही हाताळताना पाने सोडवायला घाई करू नये. पुरात भिजून चिकटलेली पाने ओढली की शाई दुसऱ्या पानावर जाते. वही आहे त्या अवस्थेत, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक पानाचे समासासकट छायाचित्र घ्यावे आणि त्याच दिवशी परत करावी. वही घरी नेऊ नये. नेलेल्या वह्या परत येत नाहीत हा सर्वच कलाकारांचा अनुभव आहे, आणि त्याबद्दलचा राग आपल्या वाट्याला येतो.

कॅसेटी

कॅसेट मिळाली की लगेच वाजवून पाहण्याचा मोह होतो. आधी तिच्यातला फितीमागचा स्पंजचा तुकडा जागेवर आहे का आणि फितीवर पांढरी बुरशी आहे का ते पाहावे. बुरशी असेल तर ती जाणकाराकडेच द्यावी, कारण तीच बुरशी यंत्राच्या हेडवर जाऊन पुढच्या कॅसेटीही खराब करते. धडधाकट कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून मग संगणकावर उतरवावी. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट एवढे प्रमाण आपल्या कामाला पुरते. आवाज स्वच्छ करण्याचे सॉफ्टवेअर मूळ फाइलवर कधीही चालवू नये, ते प्रतीवर चालवावे.

इथे माझी एक चूक सांगतो. एका गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाची कॅसेट ऐकून मी लिहिले की कलाकार त्या काळी पांढरी दोनमध्ये गात असत. त्यांनी वाचून ठामपणे सांगितले की ते गाणे त्यांनी काळी एकशिवाय कधी गायलेले नाही. वही काढली, तर तिच्यातही काळी एकच होती. झाले असे होते की ध्वनिमुद्रण बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरवर केलेले होते आणि बॅटरी उतरत आल्यामुळे फीत हळू फिरली होती. माझ्या यंत्रावर ती नेहमीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरने फिरली आणि सगळे गाणे अर्ध्या स्वराने वर चढले. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की स्वर एका पट्टीने सरकतो. याची पडताळणी करण्याचा एक सोपा मार्ग आहे. अॅम्प्लिफायरमधून येणारी विजेची घुंई मागे ऐकू येत असेल तर ती आपल्याकडे ५० हर्ट्झची असायला हवी; संगणकावरच्या आलेखात ती ५३ वर दिसली, तर फीत सहा टक्के जास्त वेगाने वाजते आहे असे समजून वेग तेवढा कमी करावा. घुंई नसेल तर त्याच कार्यक्रमातल्या कीबोर्डचा स्वर आणि वहीतली पट्टी ताडून पाहावी.

ध्वनिमुद्रण कलाकारासोबत बसून ऐकावे आणि ऐकताना त्याची जी टिप्पणी होईल तीही मुद्रित करावी. "इथं ढोलक पुढं पळाली", "ही टाळी अमुक गल्लीतल्या पोरांची" अशा वाक्यांतून त्या रात्रीचा कार्यक्रम उभा राहतो. साथीदारांची नावे याच वेळी लिहून घ्यावीत, कारण ऑक्टोपॅडवर कोण होते, कोंगोवर कोण होते हे दुसऱ्या कुणालाही आता सांगता येणार नाही.

अष्टपैलू म्हणजे नेमके काय

हा शब्द वापरायचाच असेल तर त्याचा हिशेब द्यावा. कलाकाराचे एक वर्ष घ्यावे आणि ते पंचांगाप्रमाणे भरत जावे. पौषात त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेत अभंग, चैत्रात पाडवा पहाटेला नाट्यगीते आणि भावगीते, १४ एप्रिलला भीमगीते, भाद्रपदात दहा दिवस ऑर्केस्ट्रा, नवरात्रात देवीची गाणी, दिवाळीत पुन्हा पहाट, आणि मधल्या काळात लग्नाचे स्वागतसमारंभ. एकाच गळ्याला आणि एकाच कीबोर्डला हे सगळे करावे लागते. भीमगीतांचा उल्लेख एका ओळीत उरकू नये. वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये याच शहरात झाला. त्यामुळे नाशिकच्या गायकाने ही गाणी कुणाकडून घेतली, कोणत्या वस्तीत प्रथम गायली आणि तिथे कीबोर्ड आधी आला की पेटीच चालत होती, याची उत्तरे शहराच्या इतिहासात भर घालतात. प्रत्येक प्रकारासाठी तो कीबोर्डवर कोणता टोन, म्हणजे कोणत्या वाद्याचा आवाज, लावतो हेही विचारावे. भजनात पेटीचाच टोन लावणारा कलाकार लावणीत काय लावतो, आणि गझलेत तालाचे तयार पॅटर्न बंद का ठेवतो, हे त्याच्याकडून ऐकण्यासारखे असते.

पैशांचा विषय टाळू नये. मात्र तो पहिल्या बैठकीत काढू नये. नोटप्रेसमध्ये, ओझरच्या विमान कारखान्यात, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत पाळीवर काम करून रात्री कार्यक्रम करणारे अनेक कलाकार या शहरात झाले, आणि पाळी बदलून घेण्यासाठी केलेली धडपड हा त्यांच्या संगीताचाच भाग आहे. सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचे काम, कोण आणत असे, बिदागी साथीदारांत कशी वाटली जाई, कोणत्या मंडळाने पैसे बुडवले, हे सांगताना कलाकार मोकळा होतो. बुडवणाऱ्याचे नाव लिहू नये, प्रसंग लिहावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले, तेव्हा रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमांचे काय झाले हा प्रश्न याच ओघात घ्यावा. त्याला जोडूनच कराओकेचा. ट्रॅकवर गाणाऱ्यांच्या मैफली वाढल्या तसे कीबोर्डवादकाचे काम गेले, असे सरसकट गृहीत धरू नये. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या काहींना त्यातून गायन शिकवण्याच्या शिकवण्या मिळाल्या, काहींनी स्वतःच ट्रॅक बनवून दिले, आणि एक जण मात्र ट्रॅकचे नाव काढताच उठून आत निघून गेले.

लेख लिहायला बसताना जन्मापासून सुरुवात करू नये. हाती आलेल्या सामग्रीतली जी गोष्ट सर्वांत ठोस असेल, पट्टी खोडलेले पान किंवा पाटावरची कागदी सप्तके, तिथून आरंभ करून मागेपुढे जावे. दोन हजार शब्दांच्या लेखात तीनच प्रसंग सविस्तर लिहावेत. पुरस्कारांना एक परिच्छेद पुरे.

मजकूर तयार झाला की तो कलाकाराला मोठ्याने वाचून दाखवावा, छापील प्रत नुसती हातात देऊ नये. डोळ्यांना चष्मा असतो आणि भिडेपोटी "छान आहे" म्हटले जाते. वाचताना जिथे कलाकार किंवा काकू थांबवतील तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि दुरुस्ती त्यांच्याच शब्दांत घ्यावी. वहीची छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे कुठे ठेवायची, कुणाला ऐकवायची, याची परवानगी चार ओळींत लिहून सही घ्यावी. नंतर सर्व फाइलींना कलाकाराचे नाव, ठिकाण आणि अंदाजे साल देऊन तीन प्रती कराव्यात: एक कलाकाराच्या मुलांकडे, एक आपल्याकडे, आणि एक १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेकडे, त्यांची तयारी असल्यास पत्रासह. त्या पत्राची पोच मागून घ्यावी आणि ती वहीच्या छायाचित्रांसोबतच ठेवावी.